सुनेनं मोजलं की वाढणारं बीपी

“मॅडम, हेपण खोटं बोलायलंय.”

संतोषनं बीपीच्या मशीनचा डबा काउंटरवर ठेवला. ठेवला म्हणजे जवळपास आपटलाच. दुकानात एक बाई कमरेचा पट्टा बघत होत्या. त्यांनी पट्टा बाजूला ठेवला आणि आमच्याकडं बघायला लागल्या.

क्रांती चौकाजवळ माझं सर्जिकलचं दुकान आहे. आमच्याकडं गोळ्या-औषधं मिळत नाहीत. वॉकर, व्हीलचेअर, वाफेची मशीन, शुगर तपासायच्या पट्ट्या आणि बीपीची मशीन मिळतात. मी डी. फार्म. केलं, काही वर्षं दुसऱ्याच्या मेडिकलवर नोकरी केली आणि मग स्वतःचं दुकान टाकलं. अजूनही एखादा माणूस आत येतो, मला बघतो आणि विचारतो, “कुणी जेन्ट्स नाही का?” मी म्हणते, “आत्ताच आलेत की, तुम्हीच.”

संतोषनं तसं कधी विचारलं नव्हतं, म्हणून त्याच्याबद्दल माझं मत बरं होतं. तो वाळूजच्या एका कंपनीत कामाला. बायपासच्या पलीकडं नव्या कॉलनीत त्यानं छोटं रो-हाऊस घेतलेलं. ती दुष्काळाची वर्षं होती. शहरात नळाला पाणी कधी येईल ते नळालाच माहीत, तरी घरं वाढतच होती. टँकर आला की अख्खी कॉलनी ड्रम घेऊन पळायची.

त्याचे वडील सोनाजीबाबा सिल्लोडकडचे. पिढीजात मेंढरांवाले. गावात डोळ्यांचं शिबिर झालं तिथं त्यांचं बीपी तपासलं, ते बरंच जास्त निघालं आणि संतोष त्यांना शहरात घेऊन आला. मेंढरं पुतण्याच्या हवाली करून म्हातारा आला खरा, पण जीव सगळा तिकडंच. आधीच रानात चारा नाही, पाणी नाही, त्यात पुतण्या नवखा.

डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि सांगितलं, घरी रोज बीपी बघा. मग संतोषनं कुठून तरी मनगटावर लावायचं मशीन आणलं. ते रोज वेगळंच काहीतरी सांगायला लागलं, तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडं आला होता.

मनगटाची मशीन दिसायला छान असतात. घड्याळासारखी लावली की झालं. पण हात जरा वर-खाली झाला की आकडा बदलतो. मी ती ठेवते, पण घरी रोज मोजायचं असेल तर दंडाचंच घ्या म्हणून सांगते. दंडाच्या मशीनमध्येही एक भानगड असते, ती म्हणजे कफ. दंडाला गुंडाळतो त्या हवेच्या पट्ट्याला कफ म्हणतात. तो दंडाच्या मापाचा पाहिजे. जाड दंडाला छोटा कफ लावला तर बीपी नसताना जास्त दाखवतो. लोक मशीनच्या स्क्रीनचा रंग बघतात, ब्लूटूथ आहे का विचारतात आणि कफचं माप काही बघत नाहीत.

म्हणून मी तेव्हाच सांगितलं होतं, वडिलांना घेऊन या. सोनाजीबाबा आले. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी, उन्हाळा असूनही. मी टेप घेऊन दंड मोजला. आयुष्यभर मेंढरं उचलून, धरून, कातरून तो दंड असा झाला होता की नेहमीचा कफ पुरेना. मी मोठा कफ जोडून मशीन दिलं आणि माझ्या जुन्या पाऱ्याच्या यंत्राबरोबर ताडून दाखवलं. दोन्हींत नावाला फरक. बाबा खूश झाले.

“बरं झालं माय. आता ह्याचं मन भरंल,” लेकाकडं बघत ते म्हणाले.

आता तेच मशीन परत आलं होतं.

“काय म्हणतंय आता?” मी विचारलं.

“सकाळी घरी एकशे साठच्या वर. रोज. अन् दवाखान्यात नेलं की एकशे तीसच्या आत. डॉक्टर म्हणले, घरचं मशीन नीट तपासून आणा. गोळी एकदा वाढवून झालीय. हे आकडे खरे असतील तर अजून एक गोळी चालू करू म्हणले.”

“बाबांना काही त्रास?”

“उठले की गरगरतंय म्हणतेत. काल बाथरूमच्या दाराला धरून उभे होते.”

डबा आपटल्याचा मला आलेला राग हे ऐकून मात्र उतरला. बीपी जास्त नसताना गोळी वाढली तर ते गरजेपेक्षा खाली जातं, माणूस उठला की डोळ्यांपुढं अंधारी येते. या वयात पडला तर खुब्याचं हाड जायचं. मी संतोषला म्हटलं, “हे गरगरण्याचं डॉक्टरांना आजच्या आज फोन करून सांगा. मशीनचं मी बघते.”

त्यानं तिथंच फोन लावला. डॉक्टर म्हणाले, नवी गोळी तूर्त नको, उठताना सावकाश उठू द्या, मशीनची खात्री करून दोन दिवसांत या.

“खरं सांगू का मॅडम,” फोन ठेवून संतोष म्हणाला, “मी ठरवलंय. बीपी असंच राहिलं तर आबांना परत रानात पाठवायचं नाही. मेंढरं विकून टाकायची. सिल्लोडच्या येत्या बाजारात एक व्यापारी सगळीच्या सगळी घेतो म्हणतोय. रानात चक्कर आली तर बघणार कोण त्यांना?”

“बाबांना विचारलंत?”

“विचारायचं काय? नुसतं कानावर घातलं तर दोन दिवस झाले, जेवतच नाहीत नीट.”

मला त्याचं चुकतंय असंही म्हणता येईना. पोटच्या पोरानं काळजी करायची नाही तर कुणी करायची? पण ज्या आकड्यावर कळप विकायला निघाला होता तो आकडा माझ्या दुकानातल्या मशीनचा होता. मला ते अजिबात बरं वाटलं नाही.

मशीन मी पुन्हा तपासलं. आधी स्वतःच्या दंडाला लावलं, मग संतोषच्या. पाऱ्याच्या यंत्राशी जुळलं. बॅटरी बदलून पाहिली, नळीला कुठं चीर आहे का पाहिलं, कफ फुगवून हवा गळते का पाहिलं. काही नाही. मशीन ठणठणीत.

मग मी नेहमीचे प्रश्न सुरू केले. मोजायच्या आधी चहा घेतात का? नाही. तंबाखू? सोडली. मोजताना बोलतात का? आबा तसेही बोलत नाहीत. बाहीवरून कफ लावता का? नाही, उघड्या दंडाला. पाच मिनिटं शांत बसू देता का? हो.

“पाणी आलं की भरू लागतात का? ड्रम उचलून लगेच मोजलं तर वाढणारच.”

“नाही हो. त्यांना बादलीला हात लावू देत नाही रेखा.” रेखा म्हणजे त्याची बायको.

“मोजतं कोण?”

“रेखाच. मी सकाळी सहाच्या बसनं जातो. मी फक्त सुट्टीला मोजतो.” मग जरा अडखळून म्हणाला, “एक गंमत हाय मॅडम. मी मोजलं की बरोबर येतंय.”

“म्हणजे?”

“म्हणजे दवाखान्यासारखंच. एकशे तीसच्या आत. तिनं मोजलं की वाढतंय. शेजारचे चेष्टा करतेत, सुनेला बघून सासऱ्याचं बीपी वाढतंय म्हणून. आधी तीपण हसायची. आता गप गप राहती. परवा म्हणली, उद्यापासून मी नाही मोजणार.”

पट्टा बघणाऱ्या बाई फिस्सकन हसल्या. मला हसू आलं नाही. मशीन तेच, माणूस तोच. हात बदलला की आकडा बदलतो. म्हणजे रेखा काहीतरी वेगळं करत होती. कफ उलटा लावत असेल, कोपरावर लावत असेल, सैल ठेवत असेल. मी म्हटलं, “तिला पाठवा, मी शिकवते.”

“कसं पाठवू? लेकरू पाच महिन्याचं. अन् टँकर कधी येईल नेम नाही.”

मी शहराच्या कडेला, सातारा परिसर म्हणतात त्या भागात राहते. तिथून त्यांची कॉलनी फार लांब नाही. म्हटलं, “उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी मीच येते. पण एक करा. मी येणार ते सांगा, मी काय बघणार ते सांगू नका. रोजच्यासारखंच मोजू दे.”

संतोषनं डबा परत उचलला. या वेळी जरा अलगद.

दुसऱ्या दिवशी मी पाऱ्याचं यंत्र पिशवीत घालून गेले. संतोष कामावर गेलेला. दारात निळे ड्रम ओळीनं मांडलेले, शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर कुणाचा तरी पाया खणून ठेवलेला. रेखानं दार उघडलं. चोवीस-पंचवीसची असेल, डोक्यावर पदर, काखेत बाळ. तिनं मला सोफ्यावर बसवलं, पाण्याचा तांब्या आणला आणि उभीच राहिली.

“तू बस ना,” मी म्हटलं.

“मामा येतेत,” ती म्हणाली.

सासऱ्याला ती मामा म्हणायची. ते मागच्या दारातून आले. मला बघून हात जोडले. “आलीस का माय. बघ बाई, काय म्हणतंय तुझं यंत्र. मेंढराचं वजन मी नुस्तं उचलून सांगतो. ह्याला माझा दंड धरूनबी सांगता येईना.”

“बघूया,” मी म्हटलं. “रोज मोजता तसं मोजा. मी इथं नाहीच असं समजा.”

बाबा सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला टेकून पाच मिनिटं शांत बसले. अगदी डोळे मिटून. माझ्या मनात आलं, शहरातली शिकलेली माणसं इतकं शांत बसत नाहीत. मग रेखानं कपाटातून मशीन काढलं, बाळाला मांडीवर घेतलं आणि खाली फरशीवर बसली. सासऱ्यासमोर ती सोफ्यावर बसणार नाही, हे सांगायची गरजच नव्हती. मशीनही तिनं फरशीवर, स्वतःच्या गुडघ्यापाशी ठेवलं. कफची नळी असते हातभर. ती काही सोफ्यापर्यंत पोहोचेना.

आणि मग सोनाजीबाबा उठले. सोफ्यावरून उतरून तिच्यासमोर आले आणि उकिडवे बसले. रानात मेंढरं चरत असताना बसतात तसे, दोन्ही पाय जमिनीवर, गुडघे छातीशी. डावा हात त्यांनी खाली तिच्यापुढं केला. रेखानं कफ अगदी व्यवस्थित बांधला. कोपराच्या वर दोन बोटं, ना घट्ट ना सैल. मी बांधला असता तर याहून चांगला बांधला नसता. मग बाबांनी तळहात फरशीवर टेकवला आणि तिनं बटण दाबलं.

एकशे चौसष्ट.

रेखानं माझ्याकडं बघितलं. डोळे भरलेले. “बघा ताई. मी काहीच करत नाही. तरी असंच येतंय.”

मला इतकं हायसं वाटलं की मी हसायलाच लागले. ती बिचारी आणखी घाबरली. मी घाईघाईनं म्हटलं, “अगं, तुझं काही चुकलेलं नाही. मशीनचंही नाही. बाबांचंही नाही. थांब, दाखवते.”

दोन गोष्टी एकत्र झाल्या होत्या. पहिली, हात. बीपी मोजताना दंड छातीच्या पातळीवर लागतो. तो खाली गेला की आकडा वाढतो. रेखाला मी टाकीचं उदाहरण दिलं. गच्चीवर टाकी असली की तळमजल्याच्या नळाला जोर जास्त असतो आणि वरच्या मजल्याच्या नळाला कमी. पाणी तेच, टाकी तीच. दुसरी गोष्ट, उकिडवं बसणं. त्यात मांड्या दबतात, पोट दबतं आणि बीपी तेवढ्यापुरतं चढतं. आधी सोफ्यावर पाच मिनिटं शांत बसून केलेलं सगळं त्या एका बैठकीत वाया जात होतं.

“पण बाबा, तुम्ही खाली कशाला उतरता?” मी विचारलं.

बाबा संकोचले. “पहिल्या दिशी मशीन वर ठिवलं व्हतं, त्या सोफ्याच्या दांडीवर. हिच्या मांडीवर लेकरू. बटण दाबाया उठायची, आकडा बघाया उठायची. लेकरू रडायलं. म्हणलं, पोरीला कामून उठबस? मला काय, मी खाली येतो. आमाला ह्या बैठकीची सवयच हाय.”

“मी म्हणलं होतं, मामा, मी उभी राहते,” रेखा म्हणाली.

“व्हय, अन् मी तुला उभं ठिवून वर बसू? बाळंतपणातून उठलेली पोर तू.”

ती खाली बसायची त्यांच्या मानासाठी. ते खाली उतरायचे तिच्यासाठी. संतोषला यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण तो मोजायचा तेव्हा बापाशेजारी सोफ्यावर बसायचा आणि मशीन दांडीवर ठेवायचा. दोघंही एकमेकांना जपत होते आणि त्यापायी कळप निघाला होता बाजाराला.

मग कामाला लागले. स्वयंपाकघरातून एक प्लॅस्टिकची खुर्ची आणली, पाठ टेकता येईल अशी. शेजारी शिलाई मशीनचं टेबल होतं, ते ओढलं. बाबांना खुर्चीत बसवलं, पाय जमिनीवर, हात टेबलावर, मशीन टेबलावर. पुन्हा पाच मिनिटं शांत.

बाबांना खुर्चीत चैन पडेना. “सूनबाई उभी अन् मी राजावानी?”

“उभी कशाला? ती बसेल तिच्या जागेवर. खालीच बसू दे. बटण दाबायला एकदाच उठायचं. आकडा तुम्ही वाचायचा आणि तिला सांगायचा. वाचता येतो ना आकडा?”

“येष्टीचा नंबर वाचतो की.”

“मग झालं.”

रेखानं बटण दाबलं आणि बाळाला घेऊन पुन्हा खाली बसली. कफ फुगला, सुस्कारा टाकत उतरला. बाबा स्क्रीनवर वाकून बघत होते, मी त्यांना मागं टेकवलं. मशीन थांबलं.

“एक... दोन... सहा,” बाबांनी वाचलं. “एकशे सव्वीस.” मग रेखाकडं बघून म्हणाले, “पोरी, एकशे सव्वीस. ल्ही.”

रेखा लिहायचं सोडून पदरानं डोळे पुसत बसली. खात्रीसाठी आम्ही थोड्या वेळानं पुन्हा मोजलं, तेही तसंच आलं. माझ्या पाऱ्याच्या यंत्रावरही तेच. मी तिथूनच संतोषला फोन केला. कंपनीत मशीनचा खडखडाट, त्याला नीट ऐकू येईना. मी ओरडून सांगितलं, “मेंढरं विकू नका! आधी डॉक्टरांकडं जा!” शेजारच्या प्लॉटवरचा गवंडी भिंतीवरून डोकावून बघायला लागला.

संतोष आणि बाबा दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडं गेले. मी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं की मशीन बरोबर आहे, मोजायची बैठक चुकत होती. डॉक्टर खुर्चीतून उठून स्वतः उकिडवे बसून बघायला लागले, असं संतोष सांगत होता. त्यांनी वाढवलेली गोळी कमी केली, पहिलीच ठेवली आणि सांगितलं, खुर्चीत बसून आठवडाभर मोजा, मग या. आठवडाभर आकडे चांगले आले. गरगरणं थांबलं. बीपी आहे, ते राहणार, गोळी रोज घ्यावी लागणार. पण रानात जायला हरकत नाही म्हणाले, फक्त एकट्यानं लांब जायचं नाही आणि मोजणं सोडायचं नाही.

सिल्लोडचा बाजार येऊन गेला. व्यापारी वाट बघून परत गेला. संतोषनं मला पेढे आणून दिले आणि म्हणाला, “मॅडम, शेजाऱ्यांची तोंडं बंद झाली बघा.”

“रेखाला काय आणलंत?” मी विचारलं. तो गडबडला. दुसऱ्या दिवशी साडी घेतली म्हणून फोन आला.

तेव्हापासून माझ्या दुकानात काउंटरपलीकडं एक साधी खुर्ची आणि छोटं टेबल आहे. बीपीचं मशीन घ्यायला कुणी आलं की दंड मोजून कफ देते, मनगटाचं नको म्हणते. मग विचारते, घरी कोण मोजणार? आणि मोजणाऱ्याला बोलावून म्हणते, घरी जसं बसता तसं बसून दाखवा. कुणी पलंगावर आडवं होतं, कुणी पायावर पाय टाकतं, एक साहेब उभे राहिले. काहींना राग येतो. “मॅडम, मशीन घ्यायचंय, परीक्षा नाही द्यायची.” येऊ दे राग. चांगलं मशीन मी डब्यात घालून देऊ शकते. घरात कोण कुणासमोर कसं बसतं, ते डब्यावर छापलेलं नसतं.

महिन्याभरानं दुकानात फोन वाजला. मागं वारा आणि मेंढरांचा आवाज.

“माय, मी सोनाजी. हितं खुर्ची नाय. बाजंवर बसलो तर चालंल का?”

“पाय जमिनीला टेकतात?”

“टेकत्यात.”

“पाठीला काय आहे?”

“भित हाय.”

“मशीन कशावर ठेवलंय?”

“पाण्याचा ड्रम पालथा घातलाय. रिकामाच हाय, काय करता. पण छातीइतका बराबर येतो.”

“मग चालेल,” मी म्हटलं. “किती आलं?”

“ते तुला नाय सांगत,” बाबा म्हणाले. “सूनबाई फोनची वाट बघत आसंल. आधी तिला सांगतो.”